युरोपला मोडीत काढण्याची घाई नको

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपची सुरक्षा, तेथील उद्योगांची पीछेहाट आणि तेथे बळावत चाललेले उग्र राष्ट्रवादी पक्ष या विषयांवर मराठी वृत्तपत्रांत गेल्या काही वर्षांत बरेच लिहून आले आहे. त्यातील बहुतेक लेखनाचा सूर असा असतो की युरोप आता थकला, त्याचे दिवस भरले, अमेरिकेने हात काढून घेतला की तो रशियापुढे उभा राहू शकणार नाही आणि चीनपुढे त्याचे कारखाने टिकणार नाहीत. नागपुरातील जाणत्या मंडळींच्या बोलण्यातही हेच ऐकू येते आणि पुष्कळदा त्यात जुन्या साम्राज्यांचा माज उतरल्याचे समाधान मिसळलेले असते. ते समाधान मला समजते; निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. माझी सारी नोकरी दारूगोळा निर्मितीच्या क्षेत्रात गेली आहे आणि त्या अनुभवातून युरोपकडे पाहताना मला जे दिसते, ते थोडे वेगळे आहे. पैसा, शास्त्र आणि कसबी माणसे यांपैकी युरोपकडे काहीही कमी नाही. युरोपीय महासंघाच्या सत्तावीस सरकारांना एखादा निर्णय वेळेत आणि एकत्र घेता येत नाही, हे तेथील मूळ दुखणे आहे. आणि तो निर्णय लोकांवर न लादता त्यांच्या संमतीने घ्यायचा असल्यामुळे सुरक्षा, उद्योग आणि लोकशाही हे तिन्ही प्रश्न तेथे एकमेकांत असे गुंतले आहेत की त्यांतला एक सुटा काढून सोडवता येत नाही.

मला ज्याची माहिती आहे, त्या तोफगोळ्यांपासूनच सुरुवात करतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. त्यानंतर वर्षभराने, मार्च २०२३ मध्ये, युरोपीय महासंघाने युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. मुदत संपली तेव्हा त्यातील जेमतेम निम्मे पोचले होते. ज्या महासंघाची लोकसंख्या सुमारे ४५ कोटी आहे आणि ज्याची अर्थव्यवस्था रशियाच्या कित्येक पट मोठी आहे, त्याला एवढे साधू नये याचे अनेकांना आश्चर्य वाटले. या क्षेत्रात काम केलेल्या माणसाला वाटणार नाही.

१५५ मिलिमीटरचा तोफगोळा हा एका कारखान्यात एका टोकाने पोलाद घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढण्याचा जिन्नस नाही. त्याचे पोलादी कवच एका ठिकाणी तापवून, ठोकून आणि घासून तयार होते. त्यात भरावयाचे स्फोटक दुसरीकडे बनते. तो नळीतून फेकणारी दारू, म्हणजे प्रोपेलंट, तिसरीकडे. गोळ्याचा स्फोट घडवणारी कळ, म्हणजे फ्यूज, आणखी कोठे. आणि भरणी या सर्वांपासून दूर, वस्ती नसलेल्या जागी. विदर्भातील वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण अंबाझरीत कवचे, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटके व प्रोपेलंट आणि भद्रावतीजवळ चांदा येथे भरणी अशी ही साखळी आपल्या परिसरातच अनेक दशके चालत आली आहे. तिच्यातील एक कडी मागे पडली की बाकीच्या कड्यांनी कितीही जोर लावला तरी तयार माल वाढत नाही. युरोपात नेमके हेच झाले. शीतयुद्ध संपल्यावर तेथील देशांनी दारूगोळ्याच्या मागण्या इतक्या घटवल्या की कारखान्यांनी मोजक्याच उत्पादनरेषा चालू ठेवल्या आणि अनुभवी कामगार निवृत्त होत गेले, तेव्हा त्यांच्या जागी नवे शिकून तयार झाले नाहीत. टीएनटी या स्फोटकासाठी महासंघाला प्रामुख्याने पोलंडमधील बिडगोश्च येथील कारखान्यावर विसंबावे लागले. प्रोपेलंटला लागणारे नायट्रोसेल्युलोज सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून बनते, आणि त्या लिंटरसाठी युरोप मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहे. ज्या विदर्भाची ओळखच कापसाची आहे, तेथील वाचकाने या माहितीपाशी जरा थांबावे. रशियाविरुद्धच्या युद्धातील तोफगोळ्याचा वेग चीनमधील सरकीवर ठरतो, ही जागतिक व्यापाराची आजची स्थिती आहे.

या कामात माणसांचा जीवही जातो, हे येथे सांगितले पाहिजे. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ कामगार दगावले. ‘उत्पादन तिप्पट करा’ असे महासंघाचे मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्समध्ये किंवा दिल्लीत म्हणणे सोपे असते. तिप्पट उत्पादनासाठी तिप्पट इमारती, त्यांच्यामधील सुरक्षित अंतर आणि घाईला बळी न पडणारे प्रशिक्षित हात लागतात, आणि यांतले काहीही पैसे टाकताच मिळत नाही. युरोपने २०२३ मध्ये दारूगोळा वाढवण्यासाठी ५० कोटी युरोचा वेगळा कायदा केला. जर्मनीतील उंटरल्यूस येथे राइनमेटाल कंपनीने वर्षाला साडेतीन लाख गोळ्यांच्या क्षमतेचे उद्दिष्ट ठेवून नवा कारखाना उभारला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. इतक्या कमी काळात असा कारखाना उभा राहणे ही मोठी गोष्ट आहे आणि ‘युरोप संपला’ म्हणणाऱ्यांनी तिची दखल घ्यायला हवी. पण एका कंपनीने केले म्हणून सत्तावीस देशांचे भागत नाही.

कारण खरी अडचण वाटणीची आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्राघी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये महासंघाला युरोपच्या स्पर्धाक्षमतेवर अहवाल सादर केला. त्यात संरक्षणाविषयी जे लिहिले आहे ते वाचून मी अस्वस्थ झालो. अमेरिका एकाच प्रकारचा मुख्य रणगाडा बनवते, तर युरोपात बारा प्रकारचे रणगाडे आहेत. युक्रेनला युरोपीय देशांनी आपापल्या साठ्यातून जी १५५ मिलिमीटरची तोफ दिली, ती एकूण दहा प्रकारांची होती. प्रत्येक प्रकाराचे सुटे भाग वेगळे, दुरुस्तीचे प्रशिक्षण वेगळे. आघाडीवरच्या मेकॅनिकची काय दशा होत असेल याची कल्पना करता येते. शिवाय जून २०२२ ते जून २०२३ या काळात महासंघातील देशांनी शस्त्रखरेदीवर जो पैसा खर्च केला, त्यातील ७८ टक्के महासंघाबाहेरील पुरवठादारांकडे गेला आणि एकट्या अमेरिकेकडे ६३ टक्के. अमेरिकेच्या लहरीची भीती वाटते म्हणून शस्त्रे घ्यायची आणि ती अमेरिकेकडूनच घ्यायची, असा हा प्रकार झाला.

असे का होते, याचे उत्तर मूर्खपणा हे नाही. प्रत्येक देशाला आपला कारखाना, आपले कामगार आणि त्या कारखान्याच्या गावातील मते प्रिय असतात. आपणही त्याला अपवाद नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा कामगार संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला होता. उद्या कोणी म्हणाले की देशाच्या हितासाठी अंबाझरीचे काम दुसऱ्या राज्यात न्यावे, तर वाडीपासून सीताबर्डीपर्यंत मोर्चे निघतील आणि त्यात मीही असेन. मग इटलीच्या कामगाराने आपले काम जर्मनीकडे आणि फ्रान्सच्या कामगाराने आपले काम पोलंडकडे जाऊ द्यावे, अशी अपेक्षा सहज करता येत नाही. एका राष्ट्रात हा प्रश्न सुटतो, कारण वर एक सरकार असते आणि एक अंदाजपत्रक असते. युरोपात बाजार एक आहे, एकवीस देशांचे चलन एक आहे, पण सैन्य सत्तावीस आहेत. ही गाठ जुनी आहे. १९५२ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि तीन लहान देशांनी सामायिक सैन्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. ज्या फ्रान्सने ती कल्पना मांडली, त्याच फ्रान्सच्या संसदेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी ती फेटाळली. कोळसा आणि पोलाद युरोपने त्याआधीच एकत्र केले होते; पुढे शेती आणि व्यापार एकत्र केला आणि संरक्षण नाटो या लष्करी आघाडीवर, म्हणजे प्रत्यक्षात अमेरिकेवर सोडले. पुढची सात दशके हीच सोय चालली.

ती सोय आता संपत आली आहे हे युरोपला कळले आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्त माहिती काही दिवस रोखून धरली, तेव्हा जे कळायचे ते शेवटच्या माणसालाही कळले. त्याच महिन्यात जर्मनीने आपल्या राज्यघटनेतील कर्जमर्यादेचे कलम बदलून जीडीपीच्या एक टक्क्यापलीकडील संरक्षणखर्च त्या मर्यादेबाहेर काढला. कर्जाविषयी जर्मन माणूस किती हळवा आहे हे ठाऊक असणाऱ्यांना या बदलाचे मोल कळेल. महासंघाने ८०० अब्ज युरोपर्यंतचा खर्च शक्य करणारी योजना मांडली आणि त्यातील १५० अब्ज युरो एकत्रित खरेदीच्या अटीला जोडलेल्या कर्जासाठी राखले. मला यातील ही १५० अब्जांची अटच सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण एकत्र खरेदी करणाऱ्यालाच स्वस्त कर्ज मिळाले तर रणगाड्यांचे बारा प्रकार हळूहळू कमी होतील. नुसता पैसा ओतला तर त्याच मर्यादित कारखान्यांमागे सारे धावतील आणि भाव तेवढे वाढतील. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोने २०३५ पर्यंत जीडीपीच्या पाच टक्के खर्चाचे लक्ष्य ठरवले, त्यातील साडेतीन टक्के प्रत्यक्ष सैन्यावर आणि दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक बाबींवर. स्पेनने हे लक्ष्य आपल्याला बांधील नाही असे सांगितले. माद्रिदहून रशिया फार दूर दिसतो, तर वॉर्सात तो दारातच उभा असतो. पोलंड आधीच चार टक्क्यांहून अधिक खर्च करतो. भूगोलातला हा फरक कोणत्याही शिखर परिषदेने पुसला जाणार नाही.

या सर्वांत मला फिनलंडचा आदर वाटतो. रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या या देशाने शीतयुद्ध संपल्यावरही सक्तीची लष्करी सेवा बंद केली नाही. सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या या देशात ४८ लाख लोकांना आसरा देतील एवढी निवारागृहे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये तो नाटोत गेला आणि मार्च २०२४ मध्ये स्वीडन गेला. फिनलंडमध्ये बातमी खरी की बनावट हे ओळखण्याचे शिक्षण शाळेतच दिले जाते. सीमेवरचे सैन्य आणि वर्गातला हा धडा यांना ते लोक एकाच संरक्षणाचा भाग मानतात, आणि ते बरोबर आहे असे माझे ठाम मत आहे.

उद्योगाकडे वळतो. द्राघी अहवालाचा गाभा असा की युरोपला दरवर्षी ७५० ते ८०० अब्ज युरोची जादा गुंतवणूक हवी, म्हणजे महासंघाच्या जीडीपीच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने दिलेली मार्शल मदत एक ते दोन टक्क्यांची होती, यावरून आकाराची कल्पना यावी. जगातील सर्वांत मोठ्या ५० तंत्रज्ञान कंपन्यांत फक्त चार युरोपीय आहेत. २००८ ते २०२१ या काळात युरोपात स्थापन झालेल्या आणि एक अब्ज डॉलरचे मोल गाठलेल्या कंपन्यांपैकी जवळजवळ ३० टक्के कंपन्यांनी आपले मुख्यालय परदेशी, बहुतांश अमेरिकेत, हलवले. त्यांना हुशार अभियंते युरोपात मिळाले, भांडवल मात्र मिळाले नाही. आणि तेही युरोपीय कुटुंबांची सुमारे ३०० अब्ज युरोची बचत दरवर्षी बाहेर, मुख्यतः अमेरिकी बाजारात जात असताना. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार महासंघातील देशांमधील अंतर्गत अडथळे हे वस्तूंवर ४४ टक्के आणि सेवांवर ११० टक्के जकात लावल्यासारखे आहेत. जुलै २०२५ मधील समझोत्यानुसार अमेरिकेने बहुतेक युरोपीय मालावर १५ टक्के आयातशुल्क बसवले म्हणून सारा युरोप हळहळला, परंतु त्याने स्वतःच्या घरात उभारलेल्या भिंती त्याहून कितीतरी उंच आहेत.

ऊर्जेच्या बाबतीत युरोपला स्वतःच्या निर्णयांचे फळ भोगावे लागले. २०२१ मध्ये महासंघाच्या वायू आयातीपैकी ४० टक्क्यांहून अधिक वायू रशियातून येत होता. युद्ध सुरू झाल्यावर तो आटला, भाव भडकले, आणि त्याच काळात, एप्रिल २०२३ मध्ये, जर्मनीने आपल्या उरलेल्या तीन अणुभट्ट्याही बंद केल्या. फ्रान्स मात्र आजही आपली बहुतांश वीज अणुऊर्जेतून मिळवतो. द्राघींच्या अहवालानुसार युरोपीय कारखान्याला अमेरिकेच्या तुलनेत वीज दोन ते तीन पट आणि वायू चार ते पाच पट महाग पडतो. रसायने, खते, काच, पोलाद यांचे कारखाने या भावात टिकणे अवघड आहे. बॅटरीच्या क्षेत्रात युरोपची मोठी आशा असलेल्या स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली; फोक्सवॅगनने त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, २०३० पर्यंत जर्मनीतील ३५ हजार नोकऱ्या कमी करण्याचा करार कामगार संघटनेशी केला. पण याच युरोपात नेदरलँड्समधील फेल्डहोव्हेन येथे एएसएमएल ही कंपनी आहे, आणि अत्याधुनिक चिप कोरण्यासाठी लागणारी ईयूव्ही यंत्रे जगात फक्त तीच बनवते. तैवान असो की अमेरिका, तिच्याविना कोणाचे चालत नाही. अशी कंपनी जेथे उभी राहते, ती भूमी वांझ झाली असे कसे म्हणावे?

आता लोकशाही. ती या साऱ्याच्या मुळाशी आहे आणि तीच सर्वांत नाजूक आहे. वीज महागली, कारखान्यातली नोकरी गेली, वर सरकार सांगते की रणगाड्यांसाठी आणखी कर्ज काढायचे आहे. अशा वेळी ज्याला हे सारे परक्यांसाठी चालले आहे असे सांगणारा पुढारी भेटतो, तो मतदार त्याच्याकडे वळतो. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत जर्मनीत ‘एएफडी’ हा उग्र राष्ट्रवादी पक्ष २०.८ टक्के मतांसह दुसऱ्या क्रमांकावर आला. या मतदारांना अडाणी किंवा दुष्ट ठरवून काहीही साध्य होणार नाही. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे आणि त्या तक्रारीचा लाभ उठवणारेही आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

रोमानियातील प्रसंग या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कालिन जॉर्जेस्कू हा फारसा कोणाला माहीत नसलेला उमेदवार सर्वाधिक मते घेऊन पुढे आला. प्रचारावर आपण काहीच खर्च केला नाही असे त्याचे म्हणणे होते, आणि त्याचा प्रसार प्रामुख्याने टिकटॉकवरून झाला होता. परकीय हस्तक्षेपाचे पुरावे गुप्तचर यंत्रणांनी पुढे ठेवल्यावर घटनात्मक न्यायालयाने ६ डिसेंबर रोजी, दुसऱ्या फेरीला दोन दिवस असताना, संपूर्ण निवडणूकच रद्द केली. मे २०२५ मध्ये नव्याने मतदान होऊन निकुशोर डान निवडून आले. निकाल युरोपच्या बाजूने लागला म्हणून अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला या प्रकाराची काळजी वाटते. लोकांनी टाकलेली मते न्यायालयाने बाद करणे हा उपाय इतका जहाल आहे की तो एकदा वापरला तरी ‘आमच्या मताला किंमतच नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या हातात कायमचे हत्यार येते. हस्तक्षेप मतदानानंतर शोधण्यापेक्षा प्रचार चालू असतानाच उघड करण्याची यंत्रणा हवी होती, आणि समाजमाध्यमांच्या कंपन्यांना जबाबदार धरणारा युरोपचा डिजिटल सेवा कायदा त्यासाठीच होता. तो वेळेवर धावून आला नाही. शेजारच्या मोल्दोव्हात ऑक्टोबर २०२४ मध्ये महासंघाकडे जाण्याच्या प्रश्नावर सार्वमत झाले, तेव्हा मते विकत घेण्याचे प्रयत्न उघडकीस येऊनही ५०.३५ टक्के लोकांनी होकार दिला. एवढ्या काठावर एका देशाचे भवितव्य ठरते. पोलंडमध्ये १५ ऑक्टोबर २०२३ रोजी ७४ टक्क्यांहून अधिक मतदान झाले, तरुणांनी रात्री उशिरापर्यंत रांगा लावल्या आणि न्यायसंस्थेवर पकड घट्ट करत आलेले सरकार मतपेटीतून बदलले. लोकशाहीचा टिकाऊपणा म्हणतात तो मला त्या रांगांत दिसतो.

निर्णयाची कोंडी मात्र तशीच आहे. परराष्ट्र धोरण आणि निर्बंध यांसाठी महासंघात एकमत लागते. १४ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा निर्णय घ्यायचा होता, तेव्हा हंगेरीचे त्या वेळचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान सभागृहाबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेतला. त्याच बैठकीत युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोची मदत मात्र ओर्बान यांनी अडवली आणि ती १ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजूर झाली. ज्या हंगेरीविरुद्ध युरोपीय संसदेने २०१८ मध्येच कायद्याच्या राज्याला धोका असल्याचा ठराव केला होता, तिच्या हातात हा नकाराधिकार होता. इतर अनेक बाबींत ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या यांच्या बहुमताने निर्णय होतो. माझ्या मते निर्बंध आणि एकत्रित शस्त्रखरेदी यांना हीच पद्धत लागू व्हावी. सैनिकांना लढाईवर पाठवण्याचा निर्णय मात्र प्रत्येक देशाच्या संसदेकडेच राहिला पाहिजे, कारण ज्या आईबापांची मुले जाणार आहेत, त्यांना जाब विचारता येईल असे सरकार त्यांच्या मतांवरच उभे असले पाहिजे. माल्टा, लक्झेंबर्ग, बाल्टिक देश यांना मोठ्या देशांची दादागिरी होईल ही भीती आहे आणि ती निराधार नाही. पण नकाराधिकाराने लहानांचे रक्षण होण्याऐवजी बाहेरच्या सत्तांना आत शिरण्याची एक स्वस्त फट मिळते, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे.

नागपूरकरांनी या सगळ्यात का लक्ष घालावे, असा प्रश्न आपले काही वाचक विचारतील. आपण ज्या मेट्रोने खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक जातो, तिच्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या सरकारी विकास संस्थेने १३ कोटी युरो कर्ज दिले आहे. मिहानमध्ये विमाने बनवणाऱ्या फ्रान्सच्या दासो कंपनीच्या भागीदारीतील कारखाना आहे आणि जून २०२५ च्या घोषणेनुसार फाल्कन २००० हे विमान फ्रान्सबाहेर प्रथमच तेथे पूर्ण बांधले जाणार आहे. मॉइल या मँगनीज खाणींच्या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे, चंद्रपूरला फेरोमँगनीज बनते, आणि युरोपने आयात मालावर कार्बन उत्सर्जनाचा जो आकार (शुल्क) १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू केला, त्यात लोखंड, पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्यासोबत फेरोमँगनीजही येते. या आकारामागील हेतू मला पटतो. परंतु कोळशावर चालणाऱ्या आपल्या मध्यम आणि लहान कारखानदाराला उत्सर्जन मोजण्याची यंत्रणाच परवडत नाही, आणि त्याला वेळ व साहाय्य न देता नियम लावणे अन्यायाचे आहे. विदर्भातील उद्योजकांच्या संघटनांनी हे गाऱ्हाणे आकडेवारीसह मांडले पाहिजे. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात सूर्यफूल तेलाचा भाव आपल्या स्वयंपाकघरात जाणवला होता, कारण युक्रेन हा आपला सर्वांत मोठा पुरवठादार होता. तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारी आपल्याकडची मुले तळघरांतून निघून कशी परतली हेही आपण विसरलेलो नाही.

परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी जून २०२२ मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे युरोपला सुनावले होते की युरोपचे प्रश्न ते जगाचे प्रश्न, पण जगाचे प्रश्न ते युरोपचे नव्हेत, ही वृत्ती सोडा. ते योग्यच होते. आफ्रिकेतील आणि आशियातील युद्धांकडे युरोपने ज्या थंडपणे पाहिले, त्याची आठवण दक्षिणेकडील देशांना आहे, आणि रशियन तेलावरून आपल्याला उपदेश करणारे देश स्वतः कित्येक महिने रशियन वायू विकत घेत होते. तरीही सीमा बळाने बदलू नयेत हा नियम मोडला तर त्याची झळ लडाख आणि अरुणाचलाची सीमा सांभाळणाऱ्या देशाला सर्वांत आधी लागेल. युक्रेनने १९९४ च्या बुडापेस्ट करारात स्वतःजवळची अण्वस्त्रे सोडली आणि बदल्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी आश्वासन दिले होते. त्या कागदाचे काय झाले ते २०१४ मध्ये क्रिमियात आणि २०२२ मध्ये कीव्हच्या वेशीवर दिसले. बलवान, एकजूट आणि आपल्या लोकांना उत्तर देणारा युरोप जगात असणे हे भारताच्या हिताचे आहे, कारण तो नसेल तर आपल्याला अमेरिका आणि चीन या दोघांच्या मधोमध उभे राहून प्रत्येक सौदा एकट्याने करावा लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले, तेव्हा असे एकटे पडणे काय असते याची चुणूक आपल्याला मिळाली. महासंघाशी मुक्त व्यापाराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली नऊ वर्षे दोन्ही बाजूंनी वाया घालवली, असे मला वाटते.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की युरोपची बातमी केवळ युद्ध पेटले किंवा एखादे सरकार पडले तेव्हाच देऊ नये. ब्रुसेल्समध्ये ठरणारे कार्बनचे दर, संरक्षण खरेदीच्या अटी, औषधे व यंत्रसामग्रीची मानके यांवर महिन्यातून एकदा तरी एक स्तंभ असावा आणि तो बुटीबोरी, हिंगणा व मिहानमधील उद्योजकांना, तसेच विद्यापीठातील विद्यार्थ्यांना कामी येईल इतका तपशीलवार असावा. लिंटर आणि नायट्रोसेल्युलोज यांच्या बाबतीत विदर्भाला काय करता येईल, यावर कापूस संशोधक, जिनिंगवाले आणि दारूगोळा क्षेत्रातील जाणकार यांची चर्चा आपण घडवून आणलीत, तर माझ्यासारखे निवृत्त लोक आपल्या अनुभवासह त्यात आनंदाने सहभागी होतील.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
दारूगोळा निर्मिती क्षेत्रातील एक निवृत्त कर्मचारी
नागपूर